काट्यावर जाण्याआधी: कोकणातल्या जुन्या वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: "हे किती जुनं असेल आणि कितीला घ्यावं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून कंटाळलो, म्हणून हे एकत्र केलं. मी व्यापारी नाही. सिंधुदुर्गात राहतो, भंगाराच्या दुकानासमोरून सरळ चालत जाणं मला जमत नाही, एवढीच पात्रता. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आपल्याकडे जुनी वस्तू विकली जाते ती वजनावर. जिची किंमत तिच्या वजनात नाही अशी वस्तू काट्यावर चढायच्या आत ओळखता आली, तरच स्वस्तात काही मौल्यवान हाती लागतं.

कोकणात जुन्या वस्तूंची दुकानं नेमकी असतात कुठे? शोधून काहीच सापडत नाही.

पाटी वाचून शोधाल तर सापडणारही नाहीत. इथे ते काम तिघंजण करतात. पहिला भंगारवाला. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकलच्या रिंगांखाली पितळी समई पडलेली असते. दुसरा तांब्यापितळेच्या भांड्यांचा दुकानदार. लोक जुनी भांडी मोडीत घालून नवं स्टील नेतात. तो माल वितळायला जाईपर्यंत दुकानाच्या मागच्या बाजूला गोणीत असतो. "मोडीतलं काही दाखवता का?" एवढंच विचारा. बहुतेक दुकानदार हसतात, पण दाखवतात. तिसरा घर पाडायचा ठेका घेणारा. दारं, खांब, तुळया, गज, कौलं असा सगळा माल त्याच्याकडे जातो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण निघालं तेव्हा रस्त्याकडेची कितीतरी जुनी घरं गेली, आणि त्यांतलं लाकूड अजूनही कुणाकुणाच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, पडून आहे.

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहेच. पण तिथला विकणारा तुमच्यापेक्षा हुशार असतो. तिथे डोळे तयार करायला जावं. खरेदी गावात करावी.

कोणत्या महिन्यात फिरावं?

मे महिना आणि गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस. मे मध्ये चाकरमानी येतात, माळा साफ करतात, आणि घर पाडून स्लॅब घालायचा निर्णयही तेव्हाच होतो. गणपतीआधी रंगरंगोटी निघते. शिमग्यातही थोडंफार मिळतं. भर पावसात लाकूड मात्र घेऊ नये. दमट हवेने ते फुगतं, फटी मिटतात, आणि फेब्रुवारीत तुमच्या घरी गेल्यावर त्या पुन्हा उघडतात.

पितळ, तांबं, कासं यांतला फरक कसा ओळखायचा? मला सगळं काळंच दिसतं.

काळंच असतं. म्हणून खिशात तीन वस्तू ठेवा: छोटं लोहचुंबक, लिंबाची फोड आणि जुना टूथब्रश. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. नाही चिकटलं तर बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लिंबू चोळा. लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. कासं फिकट, राखाडी छटेचं सोनेरी दिसतं, पण त्याची खरी ओळख कानाला होते. बोटांच्या टोकांवर वाटी तोलून नखाने टिचकी मारा. पितळ थोडं वाजून गप्प होतं. कासं घुमत राहतं, देवळातल्या घंटेसारखं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कथिलामुळे कासं कडक होतं आणि ठिसूळही, म्हणून कधीतरी पडलेली वाटी केसाएवढी तडकलेली असते आणि टिचकीला 'बद्द' वाजते. अशी वाटी कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या.

मग बनावट बघा. हंडा, कळशी, तपेलं जुनं असेल तर अंगावर किंवा बुडाजवळ दातेरी सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत दात अडकवून जोडल्यासारखा. आणि हातोडीचे ठोके बोटाला लागतात. यंत्रावर दाबलेलं नवं भांडं गुळगुळीत, सगळीकडे एकाच जाडीचं. मुरादाबादेहून येणारं नवं पितळ मुद्दाम काळं करूनही विकलं जातं. त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. वापरलेली वस्तू जिथे हात लागतो तिथे उजळ आणि खोबणीत काळी. समईची दांडी उजळ, पाकळ्यांचा तळ तेलाने चिकट, हे नाटक करणं कठीण असतं.

'जर्मनची भांडी' हा प्रश्नही वारंवार येतो. ते साधं ॲल्युमिनियम आहे. जर्मनीचा शोध घेऊ नका.

भाव किती द्यावा? भंगारवाला सांगतो तो बरोबर असतो का?

निघण्याआधी भांड्यांच्या दुकानात त्या दिवसाचा पितळेच्या मोडीचा दर विचारून घ्या. वजन गुणिले मोडीचा दर हा तळ. त्याखाली कुणी देणार नाही, आणि देत असेल तर माल कुठून आला ते विचारा (त्याबद्दल खाली मूर्तींच्या प्रश्नात लिहिलं आहे). साध्या हंड्या-कळशीला मी मोडीच्या दीडपट देतो. घंगाळ किंवा बंब धड असेल तर दुपटीपर्यंत जातो.

पण खरी मजा हलक्या वस्तूंत आहे. अडकित्ता, चुनाळं, कप्प्यांचा पानाचा डबा, लामणदिव्याची साखळी, दाराची कडी, पेटाऱ्याचं कुलूप. वजन दोनशे-तीनशे ग्रॅम, म्हणजे मोडीत चहा-भज्यांचे पैसे. कारागिरी मात्र अशी की आज तसं करायला सांगितलं तर कारागीर आधी हात जोडेल. मी सगळ्यात आधी हेच बघतो. मोठा हंडा सगळ्यांनाच दिसतो.

जुन्या पितळी भांड्यात स्वयंपाक केला तर चालतो का?

कल्हई करून घ्या, मग चालतो. कल्हई म्हणजे आतून कथिलाचा थर, नवसागर टाकून तापल्या भांड्यावर फिरवलेला. आपल्याकडे आमसूल, चिंच, कैरीशिवाय जेवण होत नाही आणि आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो, म्हणून कोकणात हा नियम घाटावरच्यापेक्षा कडक पाळायला हवा. कल्हईवाला आता सहज भेटत नाही. तो कुठे आहे हे आधी शोधा, तपेलं नंतर घ्या. काशाला कल्हई लागत नाही, तरी सोलकढी त्यात ओतून ठेवू नये.

लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीचंही तसंच. आतल्या झिलईला जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर बरणी शोभेला ठेवा. खारट-आंबट त्या भेगांत मुरतं, आणि जुन्या झिलईत शिसं असू शकतं.

फर्निचर साग म्हणून विकलं जातं. खरंच साग आहे हे कसं कळेल?

उलटं करून बघा. पुढून सगळंच साग असतं. खणाची खालची बाजू, कपाटाची पाठ, खुर्चीच्या बैठकीचा तळ, जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे लाकूड खरं बोलतं. सागाला थोडा तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास असतो, रेषा स्पष्ट. शिसव जड आणि काळपट-तपकिरी. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं तांबूस होत जातं.

फणस म्हटलं की लोक नाक मुरडतात. माझं मत उलट आहे. कोकणातल्या जुन्या घरातली पेटी, देव्हारा, फडताळ बऱ्याचदा फणसाचं असतं, ते इथल्या हवेत पिढ्यान् पिढ्या टिकलेलं असतं, आणि 'साग नाही' म्हणून अर्ध्या किमतीत मिळतं. आंब्याच्या फळ्यांपासून मात्र लांब राहा. त्यांना भुंगा फार लवकर लागतो.

किडीची परीक्षा अशी: टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर वस्तू वर्तमानपत्रावर ठेवून ठोका. पिठासारखी पूड पडली तर कीड आत जिवंत आहे. भोकं आहेत पण पूड नाही, तर बहुधा जुनं प्रकरण. वाळवीने खाल्लेली फळी वरून अखंड दिसते आणि ठोकल्यावर पोकळ वाजते. पायांचे तळ आधी बघा, सुरुवात तिथूनच होते. झोपाळा घेत असाल तर पितळी कड्या मोजून घ्या. एका बाजूची कडी हमखास नंतरची असते.

घर पाडलेलं सागवान टेम्पो भरून न्यायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतूक पासाचं विचारून घ्या. रस्त्यात गाडी अडवल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

जुनी मंगलोरी कौलं घ्यावीत का?

घ्यावीत, पण ठोकून. खणखणीत वाजलं ते चांगलं. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे बरेच कारखाने झाले, आणि प्रत्येकाचा ठसा कौलाच्या पाठीवर असतो. एकाच ठशाची कौलं घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांची खोबण एकमेकांत नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसात गळायला लागतं. हे मी स्वतःच्या पडवीवर शिकलो.

पुरात भिजलेलं सामान स्वस्त मिळतंय. घ्यायचं का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हा प्रश्न सुरू झाला तो अजून येतो. धातू, दगड, चिनी माती घ्या, नुसती धुवायची आहे. भरीव लाकूड घ्यायचं तर सावलीत सावकाश वाळलेलं घ्या. उन्हात वाळवलेलं पिळवटतं. प्लायवूड, गादी बसवलेल्या खुर्च्या, रेडिओ आणि विजेवर चालणारं काहीही नको. पुराचा गाळ ओळखायचा तर खणाच्या सांध्यात आणि स्क्रूच्या खाचेत बघा. बाहेरून कितीही पुसला तरी तिथे तो राहतोच.

आजोबांच्या काळचं भिंतीवरचं घड्याळ आणि एचएमटीची घड्याळं खरी कशी ओळखायची?

भिंतीवरच्या घड्याळात तबकडीवरच्या नावापेक्षा आतल्या यंत्रावरचा ठसा महत्त्वाचा. अन्सोनिया, सेठ थॉमस ही अमेरिकन आणि युंगहान्स हे जर्मन नाव कोकणातल्या घरांत आढळतं. पण एका कंपनीचं यंत्र, दुसरीची तबकडी आणि स्थानिक सुताराची पेटी अशी खिचडी सर्रास असते. खिचडी वाईट नाही, तिला खिचडीचाच भाव द्या. लंबक हलवून डोळे मिटून ऐका. 'टिक'नंतरचं आणि 'टॉक'नंतरचं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर आधी घड्याळ सरळ टांगलंय का बघा, यंत्राला दोष नंतर द्या.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळं करायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये ती घड्याळ कंपनी बंद झाली. बंद झाल्यावर मागणी वाढली, आणि जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवलेली 'पायलट' आणि 'जनता' बाजारात आली. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी काल छापल्यासारखी भडक असेल तर ती कालच छापलेली आहे.

आमच्याकडे राजा रविवर्म्याचं चित्र आहे. लाखोंचं असेल ना?

तुमच्याकडे बहुधा त्यांच्या छापखान्यातली शिळाछाप प्रत आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ते १९०६ मध्ये वारले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं प्रती निघत राहिल्या. त्यामुळे चित्रावर नाव आहे म्हणजे त्यांचा हात लागला असं नाही. तरी जुनी शिळाछाप प्रत ही चांगलीच वस्तू आहे. भिंगातून बघा. जुन्या छपाईत वाळूच्या कणांसारखे वेडेवाकडे ठिपके दिसतात, नंतरच्या ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या सरळ शिस्तीच्या रांगा. देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतील तर त्या काढू नका. तो घरातल्या कुणा बाईचा हात आहे, आणि त्याने किंमत कमी होत नाही, वाढते. चौकटही बदलू नका.

सावंतवाडीची जुनी गंजिफा मिळेल का?

मिळाली तर मलाही कळवा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पूर्ण संच कुणी विकत नाही, सुटी पानं क्वचित एखाद्या डब्यात बटणांबरोबर सापडतात. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केल्यापासून नवे संच राजवाड्यात हाताने रंगवले जातात, आणि ते 'जुने' म्हणून विकणारेही आहेत. जुन्या पानाच्या कडा बोटांनी झिजलेल्या असतात. नुसता पिवळेपणा चहाच्या पाण्यानेही येतो.

मालवणच्या बाजूला जहाजावरचं पितळी होकायंत्र बघितलं, त्यावर 'स्टॅन्ली लंडन' आणि जुनं साल आहे. घेऊ का?

शोभेसाठी घ्या, भेटवस्तूच्या भावात. अशी होकायंत्रं, दुर्बिणी आणि वाळूची घड्याळं मोठ्या प्रमाणात उत्तराखंडातल्या रुडकीत तयार होतात. ठसा जितका मोठा आणि ठळक तितका संशय जास्त. खरोखर जहाजावरचं सामान हवं असेल तर मुंबईत दारूखाना म्हणून जुन्या जहाजांच्या भंगाराचा भाग आहे, तिथे जा. त्यावर खरचटलेलं, रंगाचे सात थर, कुठेतरी गंजलेला नट असं दिसेल, आणि ते भयंकर जड असेल.

ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आणि १८१८ चं रामसीतेचं नाणं आहे. लाखो रुपये देणारा भेटलाय.

तो आधी 'नोंदणी फी' मागेल. देऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी फी घेत नाही. १८१८ चं ते रामसीतेचं तथाकथित ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं चलनात कधीच नव्हतं. मोलाचं असतं ते साधंच: जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९४० च्या आधीच्यात चांदी सुमारे ९२ टक्के, १९४० ते ४५ च्या नाण्यांत निम्मी, १९४७ च्यात शून्य. खिशात छोटा तराजू आणि मघाचं चुंबक असलं की पुरे. नाणं घासून चकचकीत मात्र करू नका. चकाकीबरोबर किंमतही जाते.

राइस पुलर?

तांदळाचे दाणे ओढून घेणारं 'चमत्कारी' भांडं असं काही नसतं, फसवणूक आहे. जुन्या रेडिओ-टीव्हीतला म्हणून सांगतात तो 'लाल पारा'ही. पुढचा प्रश्न.

घरात सांबराची शिंगं आहेत, एक जण विकत मागतोय. आणि समुद्रावरचे मोठे शंख, पोवळं?

शिंगं, हस्तिदंत, कासवाची पाठ यांची खरेदीही नको, विक्रीही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. आजोबांनी भिंतीवर लावली होती हे उत्तर पुरत नाही. वनखात्याला विचारून पुढचं ठरवा. नॉटिलससारखे काही शंख-शिंपले आणि सगळी खडकाळ पोवळी याच कायद्यात येतात. किनाऱ्यावरच्या दुकानात उघड विकलं जातं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

जुन्या देवाच्या मूर्ती, टाक, पोथ्या घेतल्या तर चालतं का? परदेशातल्या बहिणीला समई पाठवायची आहे तेही सांगा.

इथे थोडं सावकाश वाचा. १९७२ चाच आणखी एक कायदा आहे, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित त्यात पुरावशेष धरलं जातं. दगड-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी माणसाला असं काही देशाबाहेर नेता येत नाही. बहिणीची समई शंभर वर्षांची नसेल तर 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या, म्हणजे विमानतळावर वाद होणार नाही. शंभर वर्षांची असेल तर बहिणीलाच मे महिन्यात बोलवा.

कायद्यापलीकडचं माझं मत: भंगारात आलेली मूर्ती मी घेत नाही. गावातलं देऊळ फोडलं जातं आणि माल वितळवला जातो, हे आपण २०१२ मध्ये दिवेआगरच्या सुवर्णगणेशाच्या वेळी बघितलं आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि 'मला काय माहीत' म्हणणाऱ्याला पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो भावाचा. मूर्ती मोडीच्या दराने मिळाली, तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?

घराचा पाया खणताना नाण्यांची लोटी सापडली. ती घरमालकाची की आमची?

सध्या दोघांचीही नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्यानंतर मालकी ठरते, आणि सापडणाऱ्यालाही त्यात वाटा मिळू शकतो. लपवलं तर तो वाटा जातो, वर शिक्षा.

विकणाऱ्या आजींना वस्तूची खरी किंमत माहीत नसेल तर सांगावी का? की तेच तर आपलं कसब?

भंगारवाल्याशी घासाघीस करा, त्याचा तो धंदा आहे. घरातल्या माणसाला मात्र मी सांगतो. एका आजींनी कप्प्यांचा पानाचा डबा हातात ठेवला, "घेवन जा रे, अडगळ झाली हा." पैसे घेईनात. मी सांगितलं की हा बाजारात विकला तर तुमचं दोन महिन्यांचं औषध येईल. त्यांनी डबा परत घेतला, पदराने पुसला आणि फडताळात ठेवून दिला. मी रिकाम्या हाताने आलो. पुढच्या वर्षी त्यांनीच बोलावून माळ्यावरचा अख्खा पेटारा दाखवला, आणि त्यातलं निम्मं मी योग्य भावाने घेतलं.

घर सामाईक आहे. गावातला चुलतभाऊ वस्तू विकतोय, मुंबईवाल्यांना माहीत नाही. आम्ही घेतली तर अडचण येईल का?

येईल, आणि ती गणपतीत येईल, सगळे जमल्यावर. कोकणातलं घर बहुतेक वेळा चार-सहा हिश्श्यांचं असतं, आणि आतल्या समईवर सगळ्यांचा जीव. मी एक चिठ्ठी करून घेतो: वस्तू, वजन, रक्कम, तारीख, विकणाऱ्याची सही, आणि 'घरातल्या इतरांना विचारलं आहे' ही ओळ. ही ओळ लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेत नाही. पैसे शक्यतो खात्यावर देतो.

एवढं करूनही एकदा भाद्रपदात एक काका दारात उभे राहिले. आईच्या हातचं घंगाळ, कुणी विचारलंच नाही म्हणाले. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, पुतण्याची सही ओळखली आणि काहीच बोलले नाहीत. मी दिलेल्या किमतीलाच घंगाळ परत केलं. कल्हईचे पैसे तेवढे घेतले, ती नुकतीच केली होती.